घराला मुलगा की मुलाला घर?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापून घेतले आहेत. जाड पुठ्ठ्याच्या या पुस्तकांत पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ दिलेली असते. ती चाळताना मधूनच एखाद्या नावापुढे कंसात दोन शब्द दिसतात, ‘दत्तक गेले’. त्या नावाखालची रेघ तिथेच थांबते. त्या गृहस्थांचं पुढे लग्न झालं असेल, त्यांना मुलं-नातवंडं झाली असतील. पण ती मंडळी या पुस्तकात सापडत नाहीत. ती दुसऱ्याच आडनावाच्या कुलवृत्तान्तात असतात, आणि तिथे त्याच गृहस्थांच्या नावापुढे लिहिलेलं असतं, ‘दत्तक घेतले’.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ असेच वयाच्या सातव्या वर्षी दत्तक गेले. घर नात्यातलंच, गावही चार कोसांवरचं. दत्तक गेल्यावर पहिल्या दिवाळीला ते आले आणि सवयीनं सरळ स्वयंपाकघरात शिरून माठातलं पाणी घ्यायला लागले. त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या पणजीनं, त्यांचा हात धरून त्यांना ओसरीवर आणून बसवलं आणि पाहुण्यापुढे ठेवतात तसं तांब्या-भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. ही हकीकत माझ्या आजीला तिच्या सासूनं, म्हणजे खुद्द पणजीनंच म्हातारपणी सांगितली होती. सांगताना ती एवढंच म्हणाली होती, की ‘तो पाणी प्यायला, पण माझ्याकडे बघेना.’

आता विचार करा, त्या पोराच्या अंगातलं रक्त काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते एका होमानं आणि दत्तकपत्राच्या एका कागदानं. तेवढ्यानं आई परकी झाली, भाऊ चुलतभावासारखे झाले आणि काल ज्यांची नीट ओळखही नव्हती ते आई-बाप झाले. मग कुटुंब म्हणजे नेमकं काय? रक्त की कागद?

‘कुटुंब’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. पण आपल्या आजोबांच्या पिढीत ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असं कुणी म्हटलं, तर त्याचा अर्थ बायको माहेरी गेली आहे, एवढाच असे. इंग्रजीतला ‘फॅमिली’ हा शब्द ज्या लॅटिन ‘फॅमिलिया’वरून आला, त्याच्या मुळाशी तर ‘फॅम्युलस’ म्हणजे घरचा नोकर किंवा गुलाम आहे. प्राचीन रोममध्ये फॅमिलिया म्हणजे घरधन्याच्या सत्तेखालची सगळी माणसं. त्यात बायको-मुलं आली, तसे गुलामही आले. रक्ताची नाती हा त्या शब्दाचा गाभा नव्हता. सत्ता कुणाची, हा गाभा होता.

एखाद्या समाजाला कुटुंब कशासाठी हवं होतं, हे पाहायचं असेल तर त्या समाजात दत्तक कुणाला घेत आणि कशासाठी घेत, हे पाहावं. पोटचं मूल निवडता येत नाही. जे होईल ते आपलं. दत्तक मात्र निवडून घ्यावा लागतो. निवड आली की माणसाचा हेतू उघडा पडतो. आज या एकाच खिडकीतून आपण काही समाजांकडे पाहू.

सुरुवात रोमपासूनच करू. इसवी सनापूर्वी ४४ साली मार्च महिन्यात ज्युलियस सीझरची हत्या झाली. त्याचं मृत्युपत्र उघडलं तेव्हा कळलं, की त्यानं आपल्या बहिणीच्या नातवाला, ऑक्टेव्हियसला दत्तक घेतलं आहे. ऑक्टेव्हियस तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे हाच ऑगस्टस या नावानं रोमचा पहिला सम्राट झाला. नंतर इसवी सन ९७ मध्ये नर्व्हा या वृद्ध सम्राटानं ट्राजन या कर्तबगार सेनापतीला दत्तक घेतलं. ट्राजननंतर हेड्रियन, त्याच्यानंतर अँटोनायनस पायस आणि मग मार्कस ऑरेलियस असे ओळीनं सगळे दत्तकाच्या वाटेनं गादीवर आले. रोमच्या इतिहासातला हा उत्तम राज्यकारभाराचा काळ मानतात. मार्कस ऑरेलियसला मात्र स्वतःचा मुलगा होता. इसवी सन १८० मध्ये तो मुलगा, कॉमोडस, गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीनं त्या सुकाळाचा शेवट केला.

या गोष्टीवरून ‘पोटच्यापेक्षा दत्तक बरा’ असा बोध काढण्याचा मोह होतो. पण खरी नोंद घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. रोममध्ये दत्तक जाणारे बहुतेक सगळे पुरुष होते, आणि त्यांतले पुष्कळ चांगले वाढलेले, मिसरूड फुटलेले. घराण्याचं नाव, मालमत्ता आणि राजकारणातलं वजन पुढे न्यायला वारस लागे, म्हणून दत्तक. त्याच रोममध्ये नको असलेलं तान्हं मूल उघड्यावर टाकून देण्याचीही रीत होती, आणि ते वाढवायचं की टाकायचं हे घरधनी ठरवी. टाकलेलं मूल उचलणारे असत, पण ते बहुधा गुलाम म्हणून वाढवायला. म्हणजे घराला मुलगा हवा होता तेव्हा कायदा होता. मुलाला घर हवं होतं तेव्हा कायदा नव्हता.

दुसरं उदाहरण जपानचं. मारुती मोटारीमुळे सुझुकी हे नाव आपल्या घरोघरी पोचलं. १९८२ साली भारत सरकारशी करार झाला तेव्हा त्या कंपनीचे प्रमुख होते ओसामू सुझुकी. त्यांचं निधन डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी झालं. हे ओसामू जन्मानं सुझुकी नव्हतेच. त्यांचं मूळ आडनाव मात्सुदा. कंपनीचे संस्थापक मिचिओ सुझुकी यांच्या नातीशी १९५८ साली त्यांचं लग्न झालं आणि त्यांनी सासरचं आडनाव घेतलं. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक गालात हसतात. जपानमध्ये मात्र कर्तबगार जावयाला रीतसर दत्तक घेऊन घराचा वारस करण्याची प्रथा शतकानुशतकं चालत आली आहे. पोटचा मुलगा बेताचा निघाला, तर व्यापारी घराणी दुकानातल्या हुशार कारकुनाला मुलगी देत आणि पेढी त्याच्या हाती सोपवत.

याचं कारण जपानी लोकांच्या ‘इए’ या कल्पनेत आहे. इए म्हणजे घर, पण आपण ‘घराणं’ म्हणतो त्या अर्थानं. त्यात जिवंत माणसं आली, मेलेले पूर्वज आले, अजून जन्माला न आलेले वंशज आले आणि घराचा धंदाही आला. माणसं येतात-जातात, घर चाललं पाहिजे. १८९८ च्या नागरी कायद्यानं या घराच्या प्रमुखाला मोठे अधिकार दिले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली ते काढून घेतले गेले. पण सवय राहिली. आजही जपानमधल्या दत्तकविधानांत मोठ्या वयाच्या माणसांचं प्रमाण फार मोठं आहे.

आता आपल्याकडे वळू. रोमला नाव चालवायचं होतं, जपानला धंदा चालवायचा होता. आपल्याकडे या दोन्हींच्या जोडीला तिसरी गोष्ट होती. पिंड द्यायला मुलगा हवा. पितरांना पाणी कोण देणार, या काळजीनं आपल्या दत्तकविधानाचं शास्त्र घडलं. त्या शास्त्रात वसिष्ठ धर्मसूत्रातल्या एका नियमाला फार महत्त्व आलं. त्याचा आशय असा, की मुलगा देण्याचा अधिकार आई-बापांना आहे, एकुलता एक मुलगा देऊ-घेऊ नये, आणि नवऱ्याच्या अनुमतीशिवाय स्त्रीनं मुलगा देऊ नये वा घेऊ नये.

या शेवटच्या अटीचे चार प्रांतांत चार अर्थ झाले, आणि त्यावर लक्षावधी बायकांचं आयुष्य ठरलं. मिथिलेतल्या पंडितांनी म्हटलं, नवरा मेला, आता अनुमती देणार कोण? तेव्हा विधवेला दत्तक घेताच येणार नाही. बंगालनं म्हटलं, नवऱ्यानं जिवंतपणी अनुमती देऊन ठेवली असेल तर चालेल. मद्रासकडे ठरलं, की नवऱ्याची अनुमती नसली तरी सासरच्या सपिंड भाऊबंदांनी होकार दिला तर चालेल. महाराष्ट्रानं अर्थ लावला तो असा, की ही अट नवरा जिवंत असलेल्या बाईपुरतीच आहे. त्यानं स्पष्ट मनाई करून ठेवली नसेल, तर विधवा आपल्या अखत्यारात दत्तक घेऊ शकते. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही हीच बाजू उचलून धरली.

विधवेच्या वाट्याला तेव्हा काय येत होतं हे आपल्याला ठाऊक आहे. केशवपन, आलवण, एकवेळचं जेवण आणि दिराच्या संसारात राबणं. अशा बाईच्या हाती ही एक चावी होती. दत्तक घेतला की ती वारसाची आई होई, आणि भाऊबंदांना वाड्याच्या दारातून मागे फिरावं लागे. दत्तकाचे खटले आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालले, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच झटापट असे. वरवर पिंडाची भाषा, आतून जमिनीचा आणि बाईच्या पोटापाण्याचा प्रश्न.

याच दत्तकाच्या प्रश्नानं आपल्या देशाच्या इतिहासाला एक मोठं वळण दिलं. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो मानला नाही आणि शिवछत्रपतींच्या वंशाचं ते राज्य खालसा झालं. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे गंगाधरराव गेले. आदल्याच दिवशी त्यांनी नात्यातल्या मुलाला दत्तक घेऊन त्याचं नाव दामोदरराव ठेवलं होतं. कंपनी सरकारनं सांगितलं, की हा मुलगा गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा वारस होऊ शकेल, पण राज्याचा होणार नाही. पुढचा इतिहास सांगायला नको. राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडली, आणि ज्याच्यासाठी हा दावा होता ते दामोदरराव इंदुरात तुटपुंज्या पेन्शनवर जगले आणि १९०६ साली वारले.

डलहौसीला राज्यं गिळायची होती, यात शंका नाही. पण या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. डलहौसी ज्या ब्रिटनमधून आला होता, तिथे दत्तकाचा कायदाच नव्हता. वारस जन्मावा लागतो, माणसाला तो करता येत नाही, ही तिथल्या जुन्या कायद्याची पक्की समजूत. इंग्लंडात दत्तकाचा पहिला कायदा झाला १९२६ साली! म्हणजे आपल्याकडे ज्या गोष्टीवर घराणीच्या घराणी उभी होती, ती गोष्ट राज्यकर्त्यांच्या घरी कायद्याला माहीतच नव्हती. त्यांना दत्तक मुलगा म्हणजे कागदी मुलगा वाटे, आणि तसं वाटणं त्यांच्या सोयीचंही होतं.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हे धोरण सोडलं आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्याचं फळ महाराष्ट्रानं पाहिलं. १८७५ साली बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाणे गावच्या एका शेतकरी गायकवाडाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव गोपाळ. त्याला धड अक्षरओळखही नव्हती. हेच पुढचे सयाजीराव महाराज. त्यांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. १८८४ साली कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव दत्तक घेतला. ते शाहू महाराज. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. मराठी मुलखातले हे दोन थोर सुधारक राजे विधवांनी दत्तक घेतलेले होते. जन्मानं मिळालेलं नशीब एका विधीनं बदलू शकतं, हे दोघांनी आपल्याच आयुष्यात पाहिलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट मोठी उमेद देणारी आहे. पण या शास्त्रात दत्तक कुणाला घेता येत नसे, तेही पाहिलं पाहिजे. मुलगी दत्तक घेता येत नसे, कारण ती पिंड देणार नाही. दुसऱ्या जातीचा मुलगा चालत नसे. आणि सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे अनाथ मुलगा दत्तक घेता येत नसे! कारण उघड होतं. मुलगा ‘देण्याचा’ अधिकार आई-बापांचा. ज्याला आई-बाप नाहीत, त्याला देणार कोण? म्हणजे ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच दत्तकाला अपात्र. माझ्या आजोबांच्या भावाला दोन घरं होती. वाड्याच्या पायरीवर सोडलेल्या पोराला एकही नव्हतं.

पुण्यात एका जोडप्यानं हे कोडं आपल्या परीनं सोडवलं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल मारू नये, हवं तर ठेवून जावं, असा त्यामागचा हेतू. तिथे एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा या दोघांनी आपला म्हणून वाढवला. त्याचं नाव यशवंत. शास्त्राच्या कुठल्याच चौकटीत हे दत्तकविधान बसणारं नव्हतं. जात वेगळी, बाप अज्ञात. जोतीरावांना व्यवहार चांगला कळत होता. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलं आणि त्यात यशवंतला वारस नेमलं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरण्याचा मान यशवंताचा. भाऊबंदांनी हरकत घेतली, की हा रक्ताचा नाही. त्या वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवं हाती घेतलं, असं चरित्रकार सांगतात. बाईनं नवऱ्याच्या प्रेतापुढे चालायचं, हे त्या काळी पुण्यानं पाहिलेलं नव्हतं. मला या प्रसंगात केवळ धैर्य दिसत नाही. कुटुंब कोण, या प्रश्नाचं त्यात उत्तर आहे. भाऊबंद म्हणत होते, कुटुंब म्हणजे रक्त. त्या काहीच न बोलता सांगत होत्या, की ज्यांनी एकमेकांना सांभाळलं ते कुटुंब.

यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं, तेव्हा आईच्या सांगण्यावरून त्यानं गावाबाहेर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. एका आजारी मुलाला पाठीवर घालून दवाखान्यात आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. शेवटची शुश्रूषा करायला जवळ होता तो ज्याला रक्ताचा नाही म्हटलं गेलं, तोच.

फुल्यांच्या त्या घरात जे घडलं, त्यामागचा विचार जगात एका ठिकाणी त्याआधीच कायद्यात आला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८५१ साली दत्तकाचा कायदा केला. त्यात न्यायाधीशानं आधी पाहायचं होतं, की हे आई-बाप या मुलाला नीट वाढवू शकतील का. हा आधुनिक दत्तक कायद्याचा आरंभ मानतात. ‘या मुलाचा या घराला काय उपयोग’ हा जुना प्रश्न उलटा फिरला आणि ‘या घराचा या मुलाला काय उपयोग’ असा झाला.

कायदा बदलला म्हणून माणसं लगेच बदलली, असं मात्र समजू नका. त्याच अमेरिकेत १८५४ पासून १९२९ पर्यंत न्यूयॉर्कसारख्या शहरांतली सुमारे दोन लाख निराधार मुलं आगगाडीत बसवून आतल्या शेतीच्या मुलखात पाठवली गेली. स्टेशन आलं की त्यांना रांगेत उभं करत. शेतकरी येऊन बघत आणि हवं ते मूल घेऊन जात. काहींना खरोखर मायेचं घर मिळालं. कित्येकांना फुकटचा गडी म्हणून राबावं लागलं. भावंडं वेगवेगळ्या स्टेशनांवर उतरली आणि पुन्हा कधी भेटली नाहीत.

कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुलं अमेरिका-युरोपात दत्तक गेली. ती मोठी झाल्यावर आपलं मूळ शोधत परत आली, तेव्हा पुष्कळांच्या कागदांत घोळ निघाले. २०२५ साली तिथल्या सत्यशोधन आयोगानं जाहीर केलं, की आई-बाप हयात असलेल्या मुलांची ‘अनाथ’ अशी खोटी कागदपत्रं तयार करण्यात आली होती. जो कागद आई-बाप देऊ शकतो, तो आई-बाप पुसूनही टाकू शकतो.

या बाबतीत दोन समाजांनी वेगळा विचार केलेला दिसतो. इस्लामी कायद्यात अनाथाचा सांभाळ हे मोठं पुण्यकर्म आहे, पण मुलाचं कूळ बदलायला परवानगी नाही. त्यानं आपल्या जन्मदात्या बापाचंच नाव लावायचं. आणि प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर ‘हानाई’ नावाची प्रथा होती. नात्यातल्या किंवा स्नेह्यांच्या घरी मूल वाढवायला द्यायचं, उघडपणे, सगळ्यांच्या माहितीनं, आणि दोन्ही घरांशी त्याचं नातं चालू राहायचं. १८९३ साली जिचं राज्य गेलं, ती हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी अशीच हानाई म्हणून वाढली होती. आपल्या शास्त्रातही ‘द्व्यामुष्यायण’ म्हणजे दोन बापांचा मुलगा, अशी तोडगा काढणारी सोय होती. पण ती अपवादानं वापरली जाई. आमच्या घरी ती वापरली असती, तर पणजीला तांब्या-भांडं पुढे ठेवावं लागलं नसतं.

स्वतंत्र भारतात १९५६ साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. जातीची अट गेली. अविवाहित स्त्रीला आणि विधवेला स्वतःसाठी, स्वतःच्या नावावर मूल दत्तक घेता येऊ लागलं. नवऱ्याचा वंश चालवण्यासाठीच दत्तक, ही कल्पना तिथे संपली. अनाथांची आणि आई-बाप अज्ञात असलेल्या मुलांची अडचण १९६२ च्या दुरुस्तीनं बरीचशी दूर झाली. पालकानं न्यायालयाच्या परवानगीनं अशी मुलं दत्तक द्यावीत, असं ठरलं. परदेशी जाणाऱ्या मुलांची हेळसांड होऊ नये म्हणून लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली सविस्तर नियम घालून दिले. नवरा हयात असलेल्या स्त्रीला नवऱ्याच्या बरोबरीनं दत्तक घेण्याचा हक्क मात्र २०१० साली मिळाला. आणि बालन्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं.

आज आपल्या देशात सरकारी व्यवस्थेमार्फत दत्तक जाणाऱ्या मुलांमध्ये मुलींची संख्या मुलांहून जास्त असते. हे ऐकून बरं वाटतं. मुलगी मागून घेणारे आई-बाप आपल्यात आहेत, हा बदल मोठाच आहे. पण त्या आकड्याला दुसरी बाजूही आहे. संस्थांच्या दारात सोडून दिलेल्या मुलांमध्ये मुली जास्त असतात, हेही त्यामागचं एक कारण आहे. एका घरानं नाकारलेली मुलगी दुसऱ्या घरानं मागून घेतली, असा तो एकच आकडा दोन घरांची गोष्ट सांगतो.

एकत्र कुटुंबं मोडली, कुटुंबसंस्था धोक्यात आली, असं आपण वरचेवर ऐकतो. कुटुंब कायम एकाच साच्याचं होतं आणि आताच ते बिघडलं, असं मात्र इतिहास सांगत नाही. रोमनं ते सत्तेसाठी वाकवलं, जपाननं धंद्यासाठी, आपण पिंडासाठी आणि जमिनीसाठी. प्रत्येकानं गरज पडेल तेव्हा परक्याला आपलं केलं आणि आपल्याला परकं केलं. रक्ताचा आग्रह धरणाऱ्यांनीही सोय पाहून तो सोडला. तेव्हा कुटुंब कसं दिसतं यापेक्षा त्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला त्यात काय मिळतं, हे पाहणं जास्त योग्य. ते माणूस कधी विधवा होतं, कधी मुलगी, कधी आई-बाप नसलेलं पोर.

माझे ते चुलत आजोबा पुढे दत्तक घरी सुखात राहिले. शेतीवाडी सांभाळली, दत्तक आई-वडिलांची म्हातारपणी सेवा केली. पण पणजी वारली तेव्हा ते चार कोस चालत आले आणि माणसं परतल्यावरही बराच वेळ ओसरीवर बसून राहिले, असं आजी सांगायची. मग तिनंच त्यांना आत बोलावलं आणि म्हणाली, ‘भावजी, पाणी आतच आहे. घ्या तुमच्या हातानं.’

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढायचं घरात चाललं आहे. त्यात मुलींच्या शाखाही द्यायच्या, असं ठरलं आहे. मी आणखी एक सुचवलं आहे. ‘दत्तक गेले’ या शब्दांपाशी रेघ थांबवू नका. ती पुढे जाऊ द्या.